स्टेलाच्या घरी क्रॅश

सकाळी मिरजगावच्या रामहरीने मोबाईल उघडला. नगरला नोकरीला असलेल्या लेकीने, पंकजाने घरच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘क्रॅश्ड ॲट स्टेलाज प्लेस.’ रामहरी दहावीपर्यंत शिकलेला. विमान क्रॅश होतं ते त्याने बातम्यांत ऐकलं होतं. पोरीकडे स्कूटी होती, अन् फोन बंद लागत होता.

बायकोला “जाऊन येतो” एवढंच सांगून त्याने मिळाली ती एसटी धरली. स्टेला म्हणजे पंकजाची मैत्रीण. नगरजवळच्या भिंगारमधलं तिचं घर त्याला ठाऊक होतं. दार तिच्या आईने, एलिझाबेथबाईंनी उघडलं.

“पंकी कुठं हाय? किती लागलंय?”

“लागलं? अहो, झोपलीय ती अजून.”

आवाज ऐकून पंकजा विस्कटल्या केसांनी बाहेर आली. रामहरीने तिचं डोकं चाचपलं, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“दादा, काय झालं?”

त्याने मेसेज दाखवला. पंकजाने कपाळाला हात लावला.

“अहो, कामावरून लई दमले होते, म्हणून इथंच आडवी झाले. त्यालापण क्रॅशच म्हणतात.”

“मंग झोपले म्हनायला काय झाल्तं गं?”

तो उंबऱ्यावरच बसला आणि त्याने बायकोला फोन लावला. तिकडून “हॅलो” आलं. त्याने फोन पंकजाच्या हातात दिला.

“तूच बोल,” तो म्हणाला. “तुझा आवाज ऐकू दे तिला.”