हात कुणी सोडला

भूत? माझ्यात? मालकाच्या मेव्हण्या, डॉक्टरसमोर काय वाट्टेल ते बरळून आलास! मी बाहुला आहे, लाकडाचा. पाठीत भोक, भोकात दोरी. मालकानं बोटानं ओढली की माझा जबडा उघडतो. माझं मी कधी 'हूं' सुद्धा केलेलं नाही. आज पहिल्यांदा बोलतोय, गप ऐक.

सुताराकडच्या उरलेल्या फळीतून मालकानं मला कोरलं. शाळाशाळांत खेळ करायचा; मला मांडीवर घेऊन, ओठ न हलवता बोलायचा. लोकांना वाटायचं मीच बोलतो. "पुढच्या रांगेतले गुरुजी, टोपी घाला, टकलाचा उजेड डोळ्यात जातोय!" सगळी शाळा लोळायची. एरवी माणूस मुका. भाजीत मीठ नाही, हेसुद्धा बायकोला माझ्या तोंडून सांगायचा. ती म्हणायची, "तुझ्या मालकाला सांग, हात आहेत ना? घे म्हणावं."

तेव्हा हसायची तुझी बहीण.

मग तो रस्ता. मालकाच्या एका हातात माझी पेटी, दुसऱ्यात पोराचा हात. पेटीची कडी तुटली, मी घसरलो. मला धरायला मालकानं पोराचा हात सोडला. पोरगं माझी उडालेली टोपी आणायला धावलं. ट्रक आला.

मला ओरखडासुद्धा नाही.

त्यानंतर मालकानं पोराचा शर्ट मला घातला. रोज पोराच्या आवाजात, माझ्या तोंडून, "आई, जेवलीस का?" तुझी बहीण कान दाबून मोरीत जाऊन बसायची. एक दिवस मात्र माझ्यासमोर बसली. मालकाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांग. हात कुणी सोडला?"

माझ्या पाठीत त्याचं बोट दोरीवर थांबलं. वाटलं, आता मला खाली ठेवेल, स्वतःच्या तोंडानं बोलेल. माझा जबडा उघडला.

"बाहुल्यानं."

वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलात मालकाला, तिथं आजही तेवढंच म्हणतो ना? दुसरा शब्द नाही. आणि तू मला कुलपात घातलंस. तुझी बहीण रोज त्याच्या खाटेशी बसते ती 'मी सोडला' एवढं ऐकायला. म्हणाला, तर ती त्याच्या गळ्यात पडेल की उठून निघून जाईल, मला नाही माहीत. पण मी आहे तोवर तो म्हणायचा नाही, एवढं कळतं मला. लाकडाचा असलो तरी.

उघड पेटी. शर्ट काढ, घडी करून बहिणीला दे. मला दवाखान्याच्या अंगणात ने आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटव.

बसलास काय? ऊठ.