साडेचारशे किलोमीटरचा धडा

गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीला ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा बाईंच्या. बावीस वर्षांत बाईंच्या बाजूचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं, आणि शिकणाऱ्याच्या बाजूचं जवळजवळ नवंच होतं.

साथ आली आणि धंदा बसला. दोन माणसांनी बंद गाडीत खांद्याला खांदा लावून बसायचं, हेच तर त्यांचं काम. सात महिने गाडी दारात उभी. बाई एकट्याच राहायच्या. रोज सकाळी खाली उतरायच्या, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायच्या आणि पुन्हा वर जाऊन दार लावून घ्यायच्या. नंतर नंतर निर्बंध सैल झाले तरी त्यांचा पाय काही घराबाहेर पडेना.

पानगळीच्या सुरुवातीला चष्मेवाल्यांचा फोन आला. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेले त्रेसष्ट वर्षांचे गृहस्थ. बाईंचे सगळ्यात जुने विद्यार्थी, कारण ते चार वेळा परीक्षेत नापास झाले होते.

"बाई, माझी लेक बाळंत झाली," ते म्हणाले. "मुलगी झाली. पण ऑपरेशन करावं लागलं, आणि जावई जहाजावर अडकलाय. बंदरात उतरू देत नाहीत. शेजारीण येऊन जाऊन बघते, पण ती तरी किती करणार?"

"किती लांब आहे?"

"साडेचारशे किलोमीटर. बस बंद, रेल्वे बंद."

"मग विचार कसला करताय, काका? मी नेऊन सोडते."

चष्मेवाले म्हणाले, "सोडू नका, शिकवा. लेकीच्या दारात तिची गाडी उभी आहे, आणि चालवणारं कोणी नाही. उद्या बाळाला ताप आला तर मी काय बाळाला चष्मा लावू? तिथलं परीक्षेचं ऑफिस उघडलंय. पुढच्या सोमवारची तारीख घेतलीय मी."

बत्तीस वर्षं गाडी त्यांच्या बायकोनं चालवली होती. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. बाईंना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी जास्त आढेवेढे घेतले नाहीत. दोघांनी तपासणी करून घेतली, प्रवासाचा परवाना काढला आणि शुक्रवारी उजाडता उजाडता निघाले. तोंडाला मास्क, चारही काचा खाली, अंगात स्वेटर.

पहिले शंभर किलोमीटर बाईंच्या नाकी नऊ आले. चष्मेवाले रस्त्यावरच्या प्रत्येक पिवळ्या पानाला ब्रेक लावत होते. वाऱ्यानं पान उडालं की ते दचकायचे, गाडी गचके खायची, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार करत पुढे निघून जायचा.

"काका, पानाला काही लागत नाही."

"मला ते पान आहे हे जवळ आल्यावर कळतं."

बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं पिवळी-तांबडी झाली होती. थर्मासमधला चहा दोघांनी चार हातांच्या अंतरावर उभं राहून घेतला. बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. कप न्याहाळताना चष्मेवाल्यांची मान खाली झुकत होती आणि डोळे बारीक होत होते.

"दुकानात तुम्ही भिंग किती अंतरावर धरता?"

"वीतभर. फार तर दीड वीत."

"चाळीस वर्षं?"

"एकेचाळीस."

"तिथंच तर घोडं अडलंय. तुम्ही रस्ता बघतच नाही, बॉनेट बघता. तुमचे हातपाय ठीक आहेत, काका. नजर लांब टाका. ते वळणावरचं झाड दिसतंय? त्याच्याकडे बघत चालवा. जवळचं आपोआप दिसतं."

चष्मेवाले ओशाळून हसले. "लोकांचे नंबर काढत बसलो आणि स्वतःचा राहिला म्हणायचा."

त्यानंतर गाडीचे गचके थांबले. पट्टीचा ड्रायव्हर झाला असं नव्हे, पण पानांना जीवदान देणं बंद झालं. संध्याकाळी ते एका लहान गावातल्या लॉजवर थांबले तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की शेवटच्या तासात आपण ब्रेकवर पाय ठेवलाच नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सात महिन्यांनी त्या कुणाशी तरी दिवसभर बोलल्या होत्या.

सकाळी उठल्या तर अंग तापलेलं. घसा धरला होता, डोळे जळत होते. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हा म्हातारा माणूस, त्यात त्याला साखरेचा आजार, आणि आपण काल दिवसभर त्याच्या शेजारी. त्यांनी दार न उघडता आतूनच सांगितलं.

"काका, मला ताप आहे. माझ्याजवळ येऊ नका."

बाहेरची पावलं दूर गेली आणि थोड्या वेळानं परत आली. मग आवाज आला, "लॉजवाल्याला विचारलं. दवाखाना आणि तपासणी पुढच्या शहरात आहे. म्हणजे लेकीच्याच. नव्वद किलोमीटर. इथं दुसरी गाडी मिळत नाही. तुम्ही मागे झोपा. मी चालवतो."

"आणि माझ्या बाजूचा ब्रेक?"

"तो राहू दे रिकामा."

"हे नियमात बसत नाही, काका."

"आजारी माणसाला टाकून जाणं कुठल्या नियमात बसतं?"

दोन मास्क एकावर एक लावून, शाल गुंडाळून बाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या. तिथून त्यांना रस्ता दिसत नव्हता, फक्त आभाळ आणि पळणाऱ्या फांद्या. बावीस वर्षांत त्या कधी मागे बसल्या नव्हत्या. गाडी सुरू झाली आणि त्यांचा उजवा पाय आपोआप ताठ झाला. पायाखाली काहीच नव्हतं.

चष्मेवाल्यांना ते कळलं असावं. ते बोलू लागले. "आता बाजारातून चाललोय. दुकानं बंद आहेत. पुढे सायकलवाला आहे, त्याला जाऊ देतो. आता मोकळा रस्ता. लांब एक पूल दिसतोय."

"वेग?"

"पन्नास. घाट लागतोय, कमी करतो."

घाटात धुकं होतं. चष्मेवाल्यांचा आवाज एकदाच कापला. "बाई, लांबचं काही दिसत नाही."

बाई उठून बसायला गेल्या, पण डोकं गरगरलं. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "मग दिसतंय तेवढंच चालवा. दिवे लावा, डावी कड धरा. घाई कुणालाच नाही."

अर्धा तास गाडी गोगलगायीच्या चालीनं चढली. एक ट्रक घुर्रघुर्र करत अगदी जवळून गेला. चष्मेवाल्यांनी ना ब्रेक दाबला, ना रामनाम घेतलं. "ट्रक गेला," एवढंच म्हणाले. बाई जीव मुठीत धरून ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता कधी डोळा लागला त्यांना कळलं नाही. शिकणाऱ्याच्या हाती गाडी देऊन त्या आयुष्यात पहिल्यांदा झोपल्या.

जाग आली ती दवाखान्याच्या आवारात. गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध सरळ उभी होती.

निकाल यायला दोन दिवस लागणार होते. बाई लेकीच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत राहिल्या. चष्मेवाले खाली मधल्या खोलीत, बाळापासून लांब. लेक पोटाला हात धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर डबा ठेवायची आणि खालूनच म्हणायची, "मावशी, जेवून घ्या. बाबांना मीठ जास्त झालंय म्हणून सांगू नका, मास्क लावून स्वयंपाक त्यांनीच केलाय."

सोमवारी सकाळी दोघांचेही निकाल आले. साथ नव्हती. उघड्या काचांतून दिवसभर लागलेलं साधं गारठ्याचं दुखणं. बाई जिना उतरून आल्या तेव्हा चष्मेवाल्यांच्या हातांत नात होती. तिला त्यांनी डोळ्यांपासून बरोबर दीड वीत अंतरावर धरलं होतं. बाईंना हसू आलं.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "ही जवळूनच बघायची चीज आहे."

दुपारी परीक्षा झाली. साथीमुळे परीक्षक मधे लावलेल्या काचेआड, मागच्या सीटवर बसला होता. चष्मेवाले म्हणाले, त्याचंच बरं झालं, मागे कुणीतरी असलं की आता सवयीचं वाटतं. पाचव्या खेपेला ते पास झाले.

बाई परत निघणार होत्या, पण लेक म्हणाली, "मावशी, तिकडे तुमची वाट कोण बघतंय? चार दिवस राहा." बाईंनी पिशवी परत माळ्यावर नेली. चाराचे अकरा झाले. परीक्षेच्या ऑफिसातल्या कारकुनानं बाईंचा फोन नंबर मागून घेतला, त्याच्या भाचीला शिकायचं होतं. मग भाचीच्या मैत्रिणीला. उघड्या काचांचे वर्ग सुरू झाले, स्वेटर सक्तीचा.

बाळाला पहिल्यांदा डॉक्टरकडे न्यायचं होतं त्या दिवशी चष्मेवाल्यांनी लेकीची गाडी बाहेर काढली. लेक बाळाला घेऊन मागे बसली. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडी वळणावर थांबली, दिवा लुकलुकला, आणि ती डावीकडे वळून दिसेनाशी झाली. बाई आत आल्या. घरात आता तास-दीड तास तरी कोणी नव्हतं. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि चौघांचा स्वयंपाक करायला घेतला. मग त्यांच्या ध्यानात आलं, चौथीला अजून दातच नाहीत, आणि त्यांनी एक मूठ तांदूळ काढून परत डब्यात टाकले.