मालिकेतली माफी

बावीस वर्षं मी लॉइडबरोबर राहतोय, आणि आता तो लिहितो त्या टीव्ही मालिकेतल्या एका माणसावर जळतोय. मालिकेतलं जोडपंही दोन पुरुषांचं, संसार मुरलेला. भांडणं तर लॉइडने थेट आमच्याच स्वयंपाकघरातून उचललेली.

परवाच्या भागात एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तुझ्या आईच्या अंत्यविधीला मी आलो नाही. चुकलो रे."

हातातला पिझ्झा मी खाली ठेवला. "लॉइड, माझी आई गेली तेव्हा तूही आला नव्हतास. मला कधी म्हणालास हे?"

"अरे वेंडेल, मी तरी कुठे लिहिलं होतं? चॅनेलवाल्यांनीच कळवलं, इथे माफी घाला, नाहीतर प्रेक्षकांच्या मनातून हा माणूस उतरेल."

"मग त्यांना म्हणावं, जरा आपल्या घरातही लक्ष घाला."