पुलाअलीकडे थांबलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या डोंगरांत, टॅमरॅक खोऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमागे मी उभा असतो. माझा लाल रंग उडाला आहे. माझ्याकडे आता कुणी फिरकत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला आणि तरुणपण शहरात गेले. तिथे रस्ते रुंद होते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाणी मिळे. वय झाल्यावर शहराने मला काढून टाकले, तेव्हा या खोऱ्याने मला घेतले. इथे पगारी जवान नव्हते. गुरे पाळणारे, दुकान चालवणारे लोकच भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावत येत.

मला इथे आणले हॉलिस ब्रॅनमने. पहिल्या दिवशी तो मला बायकोला दाखवायला थेट घरी घेऊन गेला. त्याच्या घराची वाट अरुंद होती आणि ओढ्यावर लाकडी पूल होता. माझी टाकी रिकामी होती, तरी पूल कुरकुरला. त्याची बायको आर्डिथ दारात येऊन म्हणाली, "याच्याशीच लग्न करायचं होतंस की." पण पुढे दर जुलैत स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी तीच मला फुलांनी सजवी. हॉलिस मला पुसून असा चकचकीत ठेवी की मुले माझ्यात तोंड पाहत. ते माझे सुखाचे दिवस होते.

हॉलिस थकला तेव्हा त्याने माझे सुकाणू लोर्ना एचेवेरी हिच्या हाती दिले. ती शाळेची बस चालवत असे. पंप कसा लावायचा, नळी कशी धरायची, हे सारे तिला त्यानेच शिकवले होते. लोर्ना खोऱ्याच्या अग्निशमन दलाची प्रमुख झाली.

खोऱ्याचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या सभा माझ्याच शेडमध्ये, माझ्याभोवती खुर्च्या मांडून होत. एका सभेत लोर्नाने नवी अग्निसुरक्षा नियमावली मांडली.

"आपले नियम फार जुने आहेत," ती म्हणाली. "वाट बंब जाईल एवढी रुंद हवी. पूल भरलेल्या बंबाचा भार पेलणारा हवा. छपराला लाकडी फळ्या नकोत, आणि भिंतीला खेटून झाडं नकोत."

"आमच्या दाराजवळची ती जुनिपरची झाडं आर्डिथनं लावलीत," हॉलिस म्हणाला. "तिला तूच सांग जाऊन. माझी हिंमत नाही."

सगळे हसले. आर्डिथ कॉफी ओतत होती. "माझ्या झाडांना हात लावलास, तर हकलबेरीचा केक विसर हं, लोर्ना."

लोर्नाही हसली. "केक राहू दे, आर्डिथ. मला तुमच्या दारापर्यंत पोचता आलं पाहिजे."

"आज झाडं, उद्या कुंपण," मागून कुणीतरी म्हणाले. "परवा म्हणतील, चूलही पेटवू नका."

मतदान झाले. नियमावली नामंजूर झाली. त्यानंतर सगळ्यांनी मिळून केक खाल्ला, लोर्नानेही.

पुढच्या उन्हाळ्यात गवताला आग लागली. दुपारची वेळ होती आणि वारा उलटा फिरला. आम्ही भरल्या टाकीने हॉलिसच्या वाटेला लागलो. समोर घराच्या छपरावर धूर दिसत होता. पुलाअलीकडे लोर्नाने मला थांबवले. ती उतरली आणि नळी ओढत पळत पलीकडे गेली. नळी घरापर्यंत पुरली नाही. दाराजवळची झाडे एकदम पेटली आणि ती भाजल्या हातांनी मागे आली.

तेवढ्यात हॉलिस कुरणावरून आपल्या गाडीने आला. माझ्या बाजूने जायला वाटच नव्हती. तो गाडी सोडून धावला.

"पूल धरेल," तो म्हणाला. "चालव. मी स्वतः नेलाय याला यावरून."

"तेव्हा टाकी रिकामी होती, हॉलिस."

"मग ओत ते पाणी."

"पाणी ओतून तिकडे जाऊन करू काय?" लोर्ना म्हणाली आणि रडू लागली. हॉलिस पुलाकडे धावला. दलातल्या दोघांनी मिळून त्याला घट्ट धरले. माझ्या पोटात पाणी गच्च भरलेले होते. आर्डिथ आत होती. छप्पर खाली आले.

थंडीत पुन्हा सभा भरली. लोर्नाने तीच नियमावली पुन्हा मांडली. या वेळी कुणी हसले नाही. सगळे हॉलिसकडे पाहत होते. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मला घर बांधायचंय," तो म्हणाला. "तिथंच. ती तिथं राहिली, म्हणून. नवे नियम आले तर आधी पूल, मग रस्ता. एवढं माझ्यानं या वयात होणार नाही. मला घरी जाऊ द्या."

लोर्ना हळूच म्हणाली, "हॉलिस, पुन्हा आग लागली तर मी तुमच्यापर्यंत येऊ शकणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "येऊ नकोस."

त्याच्या तोंडावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. नियमावली पुन्हा नामंजूर झाली. लोर्नाने माझी किल्ली खिळ्याला अडकवली, क्षणभर माझ्या दारावर हात ठेवला आणि ती दल सोडून गेली. तिच्यामागून एकेक करत दलातले बाकीचेही येईनासे झाले. मग मला शेडबाहेर ढकलण्यात आले.

मित्रांनो, एक दिवस तुम्हीही अशा सभेत बसाल. समोरचा माणूस तुमच्या जिव्हाळ्याचा असेल, आणि त्याला दुखवायला नको म्हणून तुम्ही त्याच्या बाजूने हात वर कराल. तसे करू नका. त्याच्या दाराशी पोचण्याची वाट आधी नीट करा, मग त्याच्या रागाचे काय ते पाहा. मी हे सांगतो आहे, पण या खोऱ्यात कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही. आज सकाळीच छपराच्या लाकडी फळ्यांनी भरलेली एक गाडी माझ्यासमोरून हॉलिसच्या घराच्या वाटेने गेली.