मुंबई ते नैरोबी

लाहूनं मोबाईल सुकऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. मुंबई ते नैरोबी, साडेचार हजार किलोमीटर. विमानाला सहा तास, त्यात तिकीट मिळायला हवं, मग मुंबईहून पाड्यापर्यंतची वाट. कितीही घाई केली तरी सुकऱ्याचा मुलगा विनोद उद्या संध्याकाळशिवाय पोचत नव्हता.

ओटीवर सुकऱ्याच्या बायकोला, हिरीला निजवलं होतं. पहाटे छातीत कळ आली आणि तळासरीला न्यायला जीप मिळेपर्यंत सगळं आटोपलं. वैशाखाचं ऊन तापत चाललं होतं. जाणती माणसं म्हणाली, उद्यापर्यंत ठेवणं बरं नव्हे. एकुलता एक मुलगा असून हिरीला अग्नी दुसऱ्यानं द्यायचा, हे सुकऱ्याच्या गळी उतरेना. तो बराच वेळ हटून बसला आणि शेवटी त्यानं मान हलवली. लाहू पुतण्या, अग्नी त्यानंच द्यायचा ठरलं. लाहूनंच फोन करून विनोदला सांगितलं, येऊ नकोस, पोचणार नाहीस. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

विनोद दोन वर्षं नैरोबीला वेल्डर होता. समुद्र ओलांडणारा पाड्यावरचा पहिलाच माणूस. सुकऱ्यानं ते इतक्यांदा सांगितलं होतं की पाड्यावरच्या कोंबड्यांनाही नैरोबी पाठ झालं असावं.

तिरडी बांधून होते न होते तोच चढावर मोटारसायकल दिसली. फोनला तासही झाला नव्हता. विनोद उतरला. हात कोपरापर्यंत काळे, पायांत झिजलेली चप्पल. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पोर आलं म्हणून आनंद मानावा की काय करावं, सुकऱ्याला काही सुधरेना.

त्यानं विनोदला ओढतच घरामागे नेलं.

“कठं होतास?”

“चारोटीला. टायरच्या दुकानात.”

एजंटानं फसवलं होतं. विनोदनं विमानतळाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

“लाहूनं येऊ नको सांगितलं होतं ना? गप बसायचं. कोनाला कळलं असतं?”

“आयला आग दुसऱ्यानं दिली असती, बा.”

सुकऱ्याला शरम वाटली आणि संतापही आला. “ती तुझ्या वाटेकडं डोळं लावून गेली. आनि तू इथं, हाकेवर.”

विनोदनं मान खाली घातली.

“आय यायची. दर बाजाराला, भाजी विकून झाली की. माझ्यासाठी भाकर आनायची. बाला सांगू नको म्हनायची. बा ताठ चालतो, त्याला खाली बघायला लावू नको.”

सुकऱ्या भिंतीला टेकून खालीच बसला. दोन वर्षं रोज जेवताना तो हिरीला नैरोबीच्या गोष्टी सांगत आला होता. ती भात वाढता वाढता ऐकायची. तिथं पाऊस पडतो का, असं मधूनच विचारायचीसुद्धा.

पुढून आवाज आले. एवढ्यात विमान कसं आलं, असं कुणीतरी विचारत होतं. सुकऱ्या उठला. विनोदच्या काळ्या हाताला धरून तो अंगणात आला.

“विमान नाय आलं,” सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. “पोरगा चारोटीला होता. त्याच्या आयला ठाव होतं. आता उचला.”