वेगळ्या कढईच्या शोधात

मी एक जुनी खिशातली वही आहे, मित्रांनो. निळ्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. माझा निळा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि पाठीची शिवण सैल झाली आहे. माझ्या अंगाला अजून तळलेल्या माशाचा वास येतो असं या घरात म्हणतात. मी फार थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. थकलेल्याची गोष्ट हळू चालते, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जपानमधला. कागद कापला गेला, रेघा ओढल्या गेल्या, पाठीत दोरा शिवला गेला आणि नागोया स्टेशनखालच्या बाजारातल्या एका दुकानात मला मांडून ठेवलं. तिथून मला यतीन सामंत यांनी उचललं. मोटारींचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते. मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासा हा त्यांचा प्राण. बाजारात मासा दिसला की हात आपोआप कल्ला उचलून बघायला जाई.

त्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, कंपनीनं त्यांना तीन वर्षांसाठी मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात पाठवलं. अगदी सीमेवरचं शहर ते. कुंपणाच्या पलीकडे अमेरिका. पत्नी सुप्रभाताई आणि अकरा वर्षांची मुलगी विभा नागोयातच राहिल्या, कारण विभाची शाळा मोडायची नव्हती. सुट्टीत मात्र दोघींनी तिकडे जायचं असं ठरलं होतं.

अडचण एकच होती. विभाला कोळंबी चालत नसे. सहा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं तळलेली कोळंबी खाल्ली. नागोयात ती घरोघरी होते, कुणाला वावगं वाटलं नाही. पण विभाचे ओठ सुजले, श्वास अडकला आणि तिला अँब्युलन्समधून न्यावं लागलं. तेव्हापासून सुप्रभाताई बाहेर कुठेही खायच्या आधी दहा प्रश्न विचारत. आणि तिहुआनात तर जिथे मासा तिथे कोळंबी. दोन्ही एकाच तेलात तळायची.

म्हणून यतीनरावांनी मला विकत घेतलं. तिथे गेल्यावर चांगली मासळी मिळणारी अशी एक तरी जागा शोधायची, जिथे मुलीला निर्धास्त जेवता येईल. हे माझं काम.

आमचा शनिवार ठरलेला असे. सकाळीच ते मला शर्टाच्या खिशात घालून निघत. पहिल्या महिन्यात ते सीमेजवळच्या चकचकीत हॉटेलांत गेले. चित्रांचं मेन्यूकार्ड, मोठमोठे दिवे, आणि मासा असा की लिंबू पिळलं तरी शिळेपण झाकेना. एकदा दोन दिवस पोट धरून पडले. माझ्या तिसऱ्या पानावर त्यांनी देवनागरीत लिहिलं, ‘दिव्यांना भुलू नये.’ मग ते मासळीबाजारात जाऊन उभे राहू लागले. दक्षिणेकडच्या बंदरातून पहाटे मासळीच्या गाड्या येत. पाट्या उतरवणारे हमाल काम संपल्यावर कुठे जेवायला जातात ते ते बघत आणि त्यांच्या मागोमाग जात. त्या माणसांनी त्यांना कधी चुकीच्या जागी नेलं नाही. मक्याच्या कुरकुरीत पापडावर लिंबात मुरवलेला कच्चा मासा घालून देणारी म्हातारी, धुरी दिलेल्या मार्लिन माशाचं कालवण करणारा एक पाय अधू असलेला माणूस, शिंपल्या भाजणारे दोन भाऊ. सगळे माझ्या पानांवर आले. यतीनराव मनापासून खात, मग हात धुऊन मोडक्या स्पॅनिशमध्ये तो एक प्रश्न विचारत: कोळंबी याच कढईत तळता का? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असे. मग ते नावापुढे फुली मारत. जेवण कितीही चांगलं असलं तरी फुली.

सात महिन्यांत माझ्यावर एकेचाळीस फुल्या झाल्या. मित्रांनो, मी त्यांच्या खिशात असे, त्यामुळे त्यांचा श्वास मला कळे. एकेका फुलीनंतर तो जड होत जाई.

आठव्या महिन्यात लुपेबाई भेटल्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची टपरी होती. शेजारीच त्यांच्या दिराची टपरी. दोघांत जुना करार होता: कोळंबी दिरानं करायची, मासा लुपेबाईंनी. एकानं दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही. यतीनरावांनी कढई दाखवा म्हटल्यावर बाईंना आधी रागच आला. मग यतीनरावांनी मुलीचं कारण सांगितलं. लुपेबाईंनी तापलेलं तेल बाजूला काढलं, कढई घासली, नवं तेल ओतलं आणि मासा तळून पुढे ठेवला. वर कोबीची बारीक चिरलेली कोशिंबीर. त्या दिवशी यतीनरावांनी पाच तुकडे खाल्ले. माझ्या पानावर नावाभोवती मोठा गोल काढला.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिथेच. आणि दर शनिवारी लुपेबाई विचारत, मुलगी कधी येणार?

पहिल्या उन्हाळ्यात तिकिटं काढली होती. ऐन वेळी कारखान्यात नवी लाइन सुरू करायची ठरली आणि यतीनरावांनी ती रद्द केली. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा काढली. तेव्हा दोन इंजिनिअर एकदम नोकरी सोडून गेले, पुन्हा रद्द. तिसऱ्या उन्हाळ्याआधी त्यांनी फोनवर विषय काढला, तेव्हा तेरा वर्षांच्या विभानं जपानीत सांगितलं की तिचा पोहण्याचा क्लब आहे, ती येणार नाही. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मी टेबलावरच होते.

लुपेबाईंना मात्र ते ‘पुढच्या महिन्यात’ असंच सांगत राहिले. परत निघायच्या आठवड्यात ते त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, जरा वेळ उभे राहिले आणि मागे फिरले.

नागोयाला आल्यावर मी एका ड्रॉवरमध्ये पडले. वर विम्याचे कागद, शाळेची पत्रकं, जुन्या चार्जरांच्या तारा. नऊ वर्षं कुणी मला उघडलं नाही. ड्रॉवर उघडे तेव्हा घरातले आवाज ऐकू येत. यतीनराव उशिरा येत, कमी बोलत. विभा आईशी मराठीत बोले, पण वडिलांना जपानीत उत्तर देई. भांडण असं कधी ऐकू आलं नाही. एकाच घरात दोन माणसं एकमेकांना वाट देत चालत होती, एवढंच.

मग या वर्षीच्या मे महिन्यात सुप्रभाताईंनी रद्दी काढली. इथे कागद वेगळा बांधून ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवावा लागतो. त्यांनी मला वर्तमानपत्रांबरोबर सुतळीनं बांधलं. मला वाईट वाटलं नाही. निजायला मिळेल असं वाटलं.

ती चळत खाली न्यायला विभा आली. ती आता तेवीस वर्षांची आहे. इस्पितळांत लागणाऱ्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत काम करते, आणि त्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं होतं ते तिहुआनालाच. माझ्या पुठ्ठ्यावर रोमन लिपीत शहराचं नाव होतं. तिनं सुतळी सोडली. पानं उलटली, पण तिला एक अक्षर वाचता येईना. मराठी तिला बोलता येतं, वाचायला कुणी शिकवलंच नाही. फुल्या आणि गोल तेवढे दिसले, आणि पानांना तळलेल्या माशाचा वास आला.

रविवारी दुपारी तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वडिलांपुढे ठेवलं आणि ही यादी वाचून दाखवाल का, मला तिकडे जेवावं लागणार आहे, असं विचारलं. यतीनरावांनी चष्मा लावला. ते आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पाठ दुखते, वाचताना मध्येच थांबतात. ते एकेक पान वाचत गेले आणि विभा आपल्या वहीत जपानीत लिहून घेत गेली. तो स्पॅनिश प्रश्न त्यांनी तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. प्रत्येक फुलीशी ती एकच विचारी, ही का? आणि ते सांगत, कोळंबी एकाच कढईत. दहाव्या फुलीनंतर तिनं विचारायचं थांबवलं.

पुढे एका जागी त्यांनी दोन पानं एकदम उलटली.

“हे का सोडलंत?” विभा म्हणाली.

“त्यात हॉटेल नाही.”

“तरी वाचा.”

त्यांनी ती दोन पानं परत मागे उलटली. सुप्रभाताई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांनी नळ बंद केला. मग यतीनरावांनी वाचलं, “आज लुपेबाईंनी पुन्हा विचारलं, मुलगी कधी येणार. म्हणतात, ती आली की दिराला दिवसभर कोळंबी बंद ठेवायला लावीन. मी पुढच्या महिन्यात म्हणून सांगितलं. खोटं बोललो.”

विभानं पेन खाली ठेवलं. ती बोलली ती मराठीत.

“बाबा, एका मासे तळणाऱ्या बाईला तुम्ही दर आठवड्याला माझ्याबद्दल सांगत होतात. मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगायचं तर तारीख सांगावी लागली असती,” यतीनराव म्हणाले. “माझ्याकडे तारीख नव्हती.”

मिठी वगैरे काही झालं नाही, मित्रांनो. विभा उठली, तिनं तिघांसाठी चहा केला आणि उरलेली पानं वाचून घेतली.

ऑगस्टमध्ये ती गेली. जाताना मला नेलं नाही. तिला जे हवं होतं ते तिनं आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी टेबलावर होते. गल्ली आहे, टपरीही आहे, पण लुपेबाई चार वर्षांपूर्वी वारल्या, असं तिनं सांगितलं. आता त्यांची भाची चालवते. शेजारची टपरी बंद झाल्यामुळे मासा आणि कोळंबी दोन्ही एकाच कढईत होतात. विभानं तो प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, आभार मानले आणि न खाता निघाली. सकाळपासून ती तिसरी जागा होती.

यतीनराव ऐकत होते. लुपेबाईंचं ऐकून त्यांनी चष्मा काढला होता. मग त्यांनी विचारलं, “मग जेवलीस काय?”

“खोलीवर येऊन अंडी उकडली.”

“पुढच्या शनिवारी पहाटे मासळीबाजारात जाऊन उभी राहा. हमालांच्या मागे जा.” ते थांबले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, सुप्रभाताईंकडे बघितलं. मग म्हणाले, “एकवीस नोव्हेंबरला आम्ही दोघं येतोय.”

विभानं तारीख पुन्हा सांगायला लावली आणि लिहून घेतली.

ते जातील का, मला माहीत नाही. मी दोन तारखा मोडताना पाहिल्या आहेत. तिसरीवर चटकन विश्वास बसत नाही. पण रजेचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला, हे सुप्रभाताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या.

मला पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे, या वेळी वरच्या. इथे बरं आहे. मला जपा असा आग्रह मी कशाला धरू? माझी शिवण आज ना उद्या सुटणारच. पण मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी वहीत तुमचं नाव लिहिलेलं असेल. ते वाचता येत नसेल तर लिहिणारा हिंडता-फिरता आहे तोवर त्याला समोर बसवा आणि वाचून घ्या. आणि लिहिणारे तुम्हीच असाल, तर वाचताना एकही पान सोडू नका.