दातांची आतली बाजू

"आ कर. अजून मोठा," असं म्हणत तिनं पायानं बटण दाबलं आणि खुर्ची मागे झुकू लागली.

पाठ आडवी होते न होते तोच तिचा मुलगा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ताडकन उठून बसला. खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या तोंडाचा आंबट भपकारा तिला मास्कमधूनही जाणवला.

"आडवं नको करूस," तो म्हणाला. "बसूनच बघ."

"काय खाल्लंस?"

"काही नाही. चहासुद्धा नाही."

दातांची डॉक्टर म्हणून तिची सगळी हयात या खोलीत गेली होती. निम्म्या गावाचे जबडे हिला तोंडपाठ आहेत, असं नवरा चेष्टेनं म्हणायचा. स्वतःच्या मुलाचे दात मात्र तिनं कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मुलगा आता तिशीतला. शाळेत भूगोल शिकवायचा, वेगळं घर करून राहायचा. पाणी प्यायलं की दात झिणझिणतात, असं तो फोनवर सहज बोलून गेला, तेव्हा तिनं सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडून त्याला बोलावून घेतलं होतं. नवराही आला होता, तो बाहेर थांबला होता.

खुर्ची सरळ करून तिनं छोटा आरसा त्याच्या वरच्या दातांमागे धरला, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

समोरून धडधाकट दिसणारे दात आतल्या बाजूनं चोखून टाकलेल्या गोळीसारखे गुळगुळीत, पातळ झाले होते. दाढांच्या माथ्यावर खळगे पडले होते. असे दात तिनं पूर्वी पाहिले होते, पण ते जेवण झालं की गुपचूप बाथरूममध्ये जाणाऱ्या पोरींचे.

तिनं मास्क खाली ओढला.

"बोटं घालून उलट्या काढतोस?"

"नाही गं."

"खोटं बोलू नकोस. मी आपली जगाला सांगत सुटलेय, चालून चालून वजन उतरवलं पोरानं..."

"आई, मी काही करत नाही. आपोआप वर येतं. छातीत जळतं, घशाशी येतं. उशा रचून बसूनच झोपतो."

"दुसरा काही आजार? कधी ऑपरेशन झालंय?"

हा प्रश्न ती प्रत्येक पेशंटला विचारायची. सवयीनं तो तोंडातून निघून गेला.

मुलानं शर्ट वर उचलला. सैल पडलेल्या कातडीवर नखाएवढे चार-पाच फिकट व्रण होते.

"वजनाचं ऑपरेशन केलं. पोट कापून लहान करून घेतलं."

ती आरसा ट्रेमध्ये ठेवायला गेली, तो कडेवर आपटून खाली पडला. तिनं उचलला नाही.

"तू चालायला जायचास ना?"

"जायचो. गुडघे बोलायला लागले, वजन हललं नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"लहानपणापासून म्हणत आलीस, तोंडाला आवर घाल. ते जमेना, म्हणून पोटालाच घातला. मग तू इतकी खूश झालीस. पोरानं मनावर घेतलं म्हणून येईल त्याला सांगायला लागलीस. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"एवढं पोटात ठेवलंस."

"पोट लहान झालंय, तरी मावलं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

तिला हसू आलं नाही. ऑपरेशनच्या दिव्याखाली निपचित पडलेला तो तिच्या डोळ्यांसमोर आला.

"शुद्धीवर आलास, तेव्हा जवळ कोण होतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"बाबा."

गेल्या वर्षी नवरा मित्राच्या घराचं काम बघायला म्हणून परगावी गेला होता. बॅगेत स्वेटर तिनंच भरून दिला होता.

ती बाहेर आली. नवरा बाकावर बसला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं हळूच चष्मा काढला.

"बघितलंस?"

"दात खाऊन टाकलेत ॲसिडनं. आणि तुम्ही गप्प?"

"ऑपरेशनपासूनच वर येतंय ते. नुसत्या गोळ्यांनी आता भागायचं नाही, डॉक्टर म्हणतात. दुसरं ऑपरेशन करून आतड्याची जोडणी बदलायची. मग ॲसिड सहसा वर येत नाही."

"मग थांबलात कशाला?"

"तो तयार होत नाही."

"का?"

नवऱ्यानं चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. ती स्वच्छच होती.

"या वेळी जास्त दिवस राहावं लागेल. तुला सांगावं लागेल ना."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मुलगा गळ्यातला कागदी रुमाल न काढताच दारात येऊन उभा होता. त्याच्या मनगटाची हाडं वर आली होती. तिला ती आज पहिल्यांदा दिसली.

"बस इथं," मधली जागा हातानं झटकत ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

तो येऊन बसला. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. सुरुवात कुणी करायची, ते दोघांनाही ठरवता येईना.